टूल्स कुठं गेलं?

अहिल्यानगर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत, म्हणजे चौदा तहसील कचेऱ्या आहेत, आणि प्रत्येक कचेरीसमोर पत्र्याच्या टपऱ्यांची एक रांग आहे. कचेरीतले साहेब बदलतात, कचेरीची इमारतसुद्धा बदलते, रांग हलत नाही. स्टॅम्प व्हेंडर, झेरॉक्स, अर्जंट फोटो, चहा, आणि या सगळ्यांच्या मधोमध ‘मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल’. लोकशाहीचे चार खांब नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतात. शेतकऱ्याला प्रत्यक्षात लागतो तो हा पाचवा, पत्र्याचा. वारसनोंद, विहिरीचं अनुदान, भावकीतला बांध, हरवलेलं रेशनकार्ड, सगळ्या दुःखांना पहिलं लेखी रूप इथे मिळतं, आणि तेही ‘मे. साहेबांच्या सेवेशी’ पासून ‘सबब, हे प्रतिज्ञापत्र लिहून दिले असे’ पर्यंत तयार.

या टपरीत बसणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. मामा एकच नाही. एक संगमनेरला आहे, एक पाथर्डीला आहे, नगरला तर रांगेने आहेत. पण सगळ्यांची कुंडली एक. मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस पास. हात बसला तो गोदरेजच्या यंत्रावर. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि २००९च्या सुमारास बनवणं थांबवलं. मामाचं यंत्र त्याच्या आधीच टेबलाखाली गेलेलं होतं. आता त्यावर पाय ठेवायची सोय आहे. वर कॉम्प्युटर आला, त्यात वर्ड आलं, आणि मामा वर्ड शिकला.

शिकला म्हणजे काय, हे नीट सांगितलं पाहिजे. मामाला वर्डमधल्या एकाही आज्ञेचं नाव माहीत नव्हतं. तो ‘पेज सेटअप’ म्हणत नसे, तो म्हणे, ‘पहिल्या खिडकीत खालून मधलं.’ मामाला वर्ड येत नव्हतं, मामाच्या मनगटाला येत होतं. मराठी शाळेत पाढे जसे घोकले गेले तसे त्याने रस्ते घोकले होते, आणि रस्त्याला नाव लागतं ते परगावच्या माणसाला.

जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने नवं ऑफिस बाजारात आणलं आणि वर्डच्या डोक्यावरची फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स, टेबल, विंडो, हेल्प ही ओळ पुसून टाकली. तिथे आली एक रुंद पट्टी, चित्रांनी भरलेली. तिचं नाव रिबन. कोपऱ्यात एक गोल बटण, ज्याला बरेच दिवस सगळे शोभेची वस्तू समजत होते. छपाईपासून सेव्हपर्यंत निम्मा संसार त्याच्या आत होता. नगरला हे सगळं पोचायला थोडा वेळ लागला. कारण आपल्याकडे सॉफ्टवेअर येत नाही, ते ‘मारलं’ जातं. कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की ओळखीतलं एक पोरगं येतं, फॉरमॅट मारतं, विंडोज मारतं, ऑफिस मारतं, चहा मारतं आणि जातं. दुसऱ्या दिवशी मामा शटर उघडतो आणि आदल्या संध्याकाळपर्यंत तोंडपाठ असलेलं गाव ओळखू येत नाही.

‘मामा, आता रिबन आली,’ पोरगं उत्साहाने म्हणालं.

‘आली का? लाल-काळी आण. नुसती काळी लवकर फिकी पडते.’

नवीन वर्डमध्ये कमी काहीच झालेलं नव्हतं, हे मामाला पटवणं फार अवघड होतं. नगरला एसटीची तीन स्टॅण्डं आहेत, माळीवाडा, तारकपूर आणि पुण्याचं स्वस्तिक. गाड्या सगळ्या आहेत, सुटतातही. फक्त माळीवाड्याला पिशवी घेऊन बसलेल्या माणसाला आपली गाडी दुसऱ्या स्टॅण्डवर लागते हे कुणी सांगत नाही. वर्डचं तसंच झालं. हेडर-फूटर आधी व्ह्यूमध्ये होतं, ते इन्सर्टमध्ये गेलं. टेबलातली यादी अ-ब-क लावायची सोय टेबल मेनूतून उठून थेट होमवर आली. शब्दसंख्या खाली तळाच्या पट्टीत जाऊन बसली. वॉटरमार्क फॉरमॅटमधून पेज लेआउटमध्ये गेला आणि तिथेही टिकला नाही. २०१३च्या वर्डमध्ये त्याची पुन्हा बदली झाली, डिझाइनमध्ये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्याही इतक्या लागोपाठ बदल्या होत नसतील.

हे सगळं त्यांनी का केलं, याचं उत्तर त्यांच्या बाजूने ऐकलं तर पटतं, हीच पंचाईत. विंडोजवरच्या वर्डच्या पहिल्या आवृत्तीत दोन टूलबार होते, २००३च्या वर्डमध्ये ते एकतीस झाले होते. मधल्या काळात ऑफिस २०००मध्ये एक युक्ती करून पाहिली होती: जी आज्ञा माणूस फारशी वापरत नाही ती मेनूतून लपवायची, खाली दोन बाण ठेवायचे, हवी तर बाण दाबा. म्हणजे वर्षातून एकदा लागणारी गोष्ट बरोबर त्याच दिवशी गायब. शेवटी त्यांनी लाखो लोक काय दाबतात याची मोजदाद केली. २००३च्या वर्डमध्ये सगळ्यात जास्त वापरली जाणारी आज्ञा निघाली पेस्ट, एकूण वापराच्या अकरा टक्क्यांहून जास्त. मग सेव्ह, कॉपी, अन्डू आणि बोल्ड. या पाचांत मिळून सुमारे बत्तीस टक्के वापर संपत होता. म्हणून नव्या पट्टीत डावीकडे पहिलंच, सगळ्यात मोठं बटण पेस्टचं.

पेस्टचा पहिला नंबर पाहून मला जगाबद्दल एकदम आपुलकी वाटली. अख्खी पृथ्वी आपल्या तहसील कचेरीसारखीच चालते तर. मात्र ही मोजदाद त्या वर्षांत नगर जिल्ह्यात केली असती तर पेस्टला हार मानावी लागली असती. तेव्हा लोडशेडिंगचा काळ होता. लाइट जायची वेळ ठरलेली असे, आणि ती त्या वेळेच्या आधी जात असे. इन्व्हर्टर नाही, यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. मामा दर ओळीला कंट्रोल-एस मारायचा. पूर्णविराम म्हणजे टिंब आणि कंट्रोल-एस, अशी त्याची व्याकरणाची समजूत होती. आज चोवीस तास वीज आहे, फाइल आपोआप सेव्ह होते, तरी बोटं ऐकत नाहीत.

पण मामाची खरी लढाई पेस्टशी नव्हती, टूल्सशी होती. ही गोष्ट इंग्रजी टाइप करणाऱ्याला कळायची नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मामा कृतिदेवमध्ये लिहितो. कृतिदेव हा फॉन्ट म्हणजे एक सरळसरळ सोंग आहे. कॉम्प्युटरला वाटतं मामा इंग्रजी लिहितोय. फक्त इंग्रजी ‘ई’ला ‘म’चा, ‘जे’ला ‘र’चा मुखवटा चढवलेला असतो. मामाने ‘मराठी’ लिहिलं की आत ई, जे, के, मोठा बी आणि एच पडतात. ‘नगर’ म्हणजे यू, एक्स, जे. आणि वर्ड हा मोठा सज्जन, शिकलेला गृहस्थ असल्यामुळे त्याला हे इंग्रजी बघवत नाही. तो पानभर लाल नागमोडी रेघा ओढतो. तेवढ्या चालतात, छापताना त्या येत नाहीत. पण तो दुरुस्त्याही करतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं हवं, असा त्याचा संस्कार. आता कृतिदेवमध्ये लहान ‘ई’ म्हणजे पूर्ण म आणि मोठा ‘ई’ म्हणजे अर्धा म. परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘मराठी’ लिहा, स्पेस द्या, की होतं ‘म्राठी’. ‘नगर’चं होतं ‘न्गर’. ‘पारनेर’चा प अर्धा होतो, पुढचा काना त्याला पुरा करण्यात खर्ची पडतो, आणि उरतं ‘परनेर’. राहुरीची गंमत याहून मोठी. लहान ‘जे’ म्हणजे र, मोठा ‘जे’ म्हणजे श्र. कृषी विद्यापीठाचं अख्खं गाव ‘श्राहुरी’ होऊन बसतं, आणि शेजारचं राहाता ‘श्राहाता’.

अजून अवतरणचिन्हं राहिली. कृतिदेवमध्ये अर्धा श हा एकेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर असतो. वर्डला सरळ अवतरणचिन्ह अडाणी वाटतं, तो ते वळणदार करतो, आणि श जाऊन तिथे भलतंच चिन्ह उमटतं. त्यामुळे शेवगाव आणि शिर्डी या दोन्ही ठिकाणचे श एका फटक्यात उडतात. श्रीगोंदा आणि श्रीरामपूर मात्र सुखरूप राहतात, कारण तिथला श्र आधीपासूनच मोठ्या ‘जे’वर बसलेला. जिल्ह्याचं असं उत्तर-दक्षिण सोडून तिसऱ्याच रेषेवर विभाजन आजवर कुठल्या नेत्याला सुचलं नव्हतं.

या सगळ्यावर उपाय एकच: ऑटोकरेक्टच्या खिडकीत जाऊन सगळ्या खुणा काढून टाकायच्या. वर्डची हुशारी बंद केल्याशिवाय मराठी सुरू होत नाही. फॉरमॅट मारला की वर्ड पुन्हा शहाणं होऊन येतं, की पुन्हा हेच. जुन्या वर्डमध्ये ही खिडकी टूल्समध्ये होती. आणि नव्या वर्डमध्ये टूल्सच नव्हतं.

‘टूल्स कुठं गेलं?’ मामाने विचारलं.

पोरगं माउस घेऊन निघालं. होम झालं, इन्सर्ट झालं, पेज लेआउट झालं. रेफरन्सेस म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, तरी तिथेही पाहून झालं. समोर बाकावर राहुरीचे एक शेतकरी बसलेले होते, सामायिक विहिरीच्या पाळीचा अर्ज घेऊन. त्यांनी पडद्यावर आपला पत्ता वाचला.

‘मामा, मपलं गाव श्राहुरी नाय ओ.’

‘माहितीये. बसा.’

खिडकी वास्तविक गोल बटणाच्या आत, वर्ड ऑप्शन्समध्ये, तिथून प्रूफिंगमध्ये, तिथून पुढे एका बटणामागे होती. चार दारं. पोरगं दुसऱ्या दारापर्यंत पोचलं आणि त्याचा फोन वाजला, म्हणून ते बाहेर गेलं. मामाने माउसला हात न लावता, इतकी वर्षं जे करत आला तेच केलं: आल्ट दाबलं, टी दाबलं. रिबनवर काहीच उघडलं नाही, पण वर एक छोटीशी चौकट आली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, जुन्या ऑफिसची कळ दाबताय, पुढची दाबा. मामाने ते वाचलं नाही. त्याचं बोट तोपर्यंत ए वर पोचलेलं होतं. ऑटोकरेक्टची खिडकी टपकन उघडली.

पोरगं परत आलं तेव्हा मामा खुणा काढत होता.

‘कसं काय सापडलं?’

‘सापडायला ते हरवलं कुठं होतं?’

हे खरं आहे, आणि आजही करून पाहता येतं. मेनूची पाटी काढली, पण जुने कळांचे रस्ते त्यांनी आतून तसेच ठेवले. जे लोक चित्रं बघून वर्ड शिकले होते त्यांचे हाल झाले. एमएस-सीआयटीला नव्वद गुण मिळवलेली मुलंमुली, पुस्तकातल्या छायाचित्रावर बोट ठेवून पडद्यावर तोच मेनू शोधत बसली. मामाने पडद्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. टायपिंगच्या क्लासात त्याला कळांकडे बघायची बंदी होती, डोळे मजकुरावर, म्हणून तो पडद्याकडेही बघेना. त्यामुळे पडद्यावर काय बदललं याची त्याला विशेष बातमीच नव्हती.

स्टॅम्प पेपरने मात्र त्याला घोळात घेतलं. स्टॅम्प पेपरचं वरचं अर्धं पान सरकारच्या नक्षीने व्यापलेलं असतं. मजकूर खालच्या अर्ध्यात. मामा फूटपट्टी लावून वरचा समास ठरवतो आणि भाडेकरार असा बसवतो की ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ शेवटच्या ओळीवर शेजारी-शेजारी सह्यांना उभे राहावेत. ही कारागिरी आहे, तिला दाद कोणी देत नाही. २००७च्या वर्डने नव्या फाइलमध्ये दोन ओळींतलं अंतर एकाऐवजी १.१५ केलं आणि प्रत्येक परिच्छेदाखाली दहा पॉइंटची मोकळी जागा सोडली. डोळ्यांना बरं दिसतं म्हणे. परिणाम असा की लिहून देणार पहिल्या पानावर आणि लिहून घेणार दुसऱ्या, साध्या हिरव्या कागदावर. घरमालक म्हणाला, ‘म्हणजे त्याची सही स्टॅम्पवर नाहीच?’ भाडेकरूने हात मागे घेतला. वर्षानुवर्षांचा विश्वास ०.१५ने गेला असता. २०१३मध्ये ते अंतर कमी करून १.०८ आणि आठ पॉइंट केलं गेलं. मामाच्या मते कंपनीला भाडेकराराचं कळलं असावं.

नंतरचे बदल मामाने बदल म्हणून मोजलेच नाहीत. २०१०मध्ये गोल बटण जाऊन पुन्हा ‘फाइल’ आलं. तो म्हणाला, आले ना वळणावर. टाइम्स जाऊन कॅलिब्री आला होता, आता कॅलिब्री जाऊन ॲप्टॉस आला आहे. कृतिदेववाल्याला दोन्ही सारखेच परके. याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले. सुमारे नऊ हजार ओव्या. काम चालू असताना मध्येच कुणी बोरूची रचना सुधारली नाही, हे आपल्या वाङ्मयाचं भाग्यच.

मग जिल्ह्याचंच नाव बदललं. ३१ मे २०२३ला, अहिल्यादेवींच्या जयंतीला, चौंडीत घोषणा झाली. मार्च २०२४मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, ऑक्टोबरमध्ये अधिसूचना. अधिसूचना शासनाने काढली, अंमलबजावणी मामांनी केली. प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर वीस वर्षांचे नमुने: अर्ज, करार, दाखले, संस्थांचे वार्षिक अहवाल, लेटरहेड. कंट्रोल-एच. वरच्या चौकटीत अहमदनगर, खालच्या चौकटीत अहिल्यानगर, रिप्लेस ऑल. क्षणात शेकडो ठिकाणी नवं नाव. इतक्या वेगाने जिल्ह्यात दुसरं कुठलंच शासकीय काम झालेलं मला आठवत नाही.

रिप्लेस ऑलला इतिहास मात्र येत नाही. शाळांच्या स्मरणिकांमध्ये, पर्यटनाच्या पत्रकांमध्ये गावाची पूर्वपीठिका असते, आणि ती कुणी छापण्याआधी पुन्हा वाचत नाही. एका यंत्रात मी पाहिलं: चांदबिबी अहिल्यानगर लढवत होती. सन १५९५. अहिल्यादेवींचा जन्म १७२५चा. दुसऱ्या एका चपळ गड्याला पूर्ण शब्द टाइप करायचाही कंटाळा आला. त्याने नुसतं ‘अहमद’ शोधून ‘अहिल्या’ घातलं. हे शहर ‘अहिल्या निजामशहा’ने वसवलं, असा मजकूर तयार झाला, आणि खाली देणगीदारांच्या यादीत एका अहमदभाईंचं जे झालं ते त्यांना अजून कुणी दाखवलेलं नाही. अहमदनगर कॉलेज १९४७चं, त्याच्या पदवी प्रमाणपत्राच्या नकलेत तर नाव मुळीच हलवता येत नाही, तिथे एकेक करून ‘फाइंड नेक्स्ट’ मारत बसावं लागतं.

या गोंधळात सगळ्यात शांत बसले होते ते आळशी लोक. नगर जिल्ह्यात पत्ता लिहिताना पूर्ण नाव लिहिण्याची पद्धत मुळातच कमी. ‘मु. पो. अमुक, ता. राहुरी, जि. अ.नगर’. अहमदचाही अ, अहिल्याचाही अ. पतसंस्थांचे शिक्के, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं रंगवलेलं नाव, काही काही बदलावं लागलं नाही. कुणा दूरदर्शी कारकुनाने शाई वाचवायला घातलेलं ते टिंब दोन्ही राजवटींत चाललं. बोलताना तर प्रश्नच नव्हता. ‘कुठं चालले?’ ‘नगरला.’ कंडक्टर आधीही ‘नगर, नगर’ ओरडायचा, आताही ओरडतो. कृतिदेवमध्येसुद्धा शेवटच्या तीन कळा त्याच, यू, एक्स, जे.

आता वर्डमध्ये नवी चीज आली आहे. कोरं पान उघडलं की कडेला एक रंगीत खूण दिसते, आणि काय लिहायचंय ते सांगा, मी लिहून देतो, असा तिचा एकूण आव असतो. जुन्या ऑफिसमध्ये डोळे मिचकावणारी एक तारेची क्लिप असायची, ‘पत्र लिहिताय वाटतं’ म्हणून मध्येच तोंड घालणारी. २००७मध्ये तिला काढलं. तिचीच ही शिकून आलेली नात दिसते. पोरगं परवा मामाला ती दाखवत होतं. ‘मामा, नुसतं सांगायचं. वारसनोंदीचा अर्ज लिही म्हटलं की लिहिणार.’

‘गट नंबर कोण सांगणार?’

‘तो आपण घालायचा.’

‘वारस किती?’

‘तेही आपणच.’

‘म्हणजे ‘विनंती अर्ज करतो की’ एवढंच तो लिहिणार. ते माझं झोपेत होतं.’

बाकावर पाथर्डीकडचे एक म्हातारबाबा कधीचे ताटकळले होते. त्यांनी दोघांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून घडी घातलेला सातबारा काढला.

‘मामा, ते नवं काय आसंल ते नंतर बघा. माग मपल्या चुलतभावाचं केलं व्हतं ना तुम्ही, ते काढा. त्यातच मपलं नाव घाला.’

मामाने फाइल उघडली, कंट्रोल-एच दाबलं.

‘आन् त्याच्या बायकूचं नाव काढायला इसरू नका,’ बाबा म्हणाले. ‘गेल्या टायमाला राहिलं व्हतं. घरी लई झालं.’